वाचून दाखवल्याशिवाय सही नाही

बुधवार, सकाळचे नऊ वाजून बावन्न मिनिटं. तालुक्याच्या कोर्टासमोर पत्र्याची एक शेड आहे. तिच्याखाली वकिलांची आणि टायपिस्टांची मिळून चौदा टेबलं. डावीकडून पाचव्या टेबलावर अ‍ॅड. यशोधरा ओव्हाळ एका प्रतिज्ञापत्रातली शेवटची ओळ खोडत होत्या. ओळ अशी होती : 'प्रतिज्ञापत्र करणाऱ्यास मी व्यक्तिशः ओळखते.' तिच्याखाली वकिलाच्या सहीसाठी जागा. प्रतिज्ञापत्र करणारा समोरच उभा होता. यशोधरांनी त्याला आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, त्याला चार मिनिटं झाली होती.

"मॅडम, खोडता कशाला? नुसती सही तर मारायचीय."

"तुमचं नाव काय?"

"कागदावर आहे की."

"म्हणूनच विचारते."

माणसाने कागद उचलला आणि सहाव्या टेबलावर गेला. तिथे गोरख वकील बसतात. त्यांनी नव्या कागदावर मान वर न करता सही केली, शिक्का मारला आणि पेन पुन्हा कानामागे लावलं. चाळीस सेकंद लागले. यशोधरांच्या टेबलाशेजारी स्टुलावर बसलेल्या मुलीने घड्याळ बघून वहीत नोंद केली.

मुलीचं नाव कोमल केदारी. मळवलीची. वय अठरा वर्षं दोन महिने. बारावी झाली, कायद्याची प्रवेश परीक्षा झाली, पुण्यातल्या एका कॉलेजात पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला नंबर लागला. जागा पक्की करायची मुदत गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत, म्हणजे दुसऱ्याच दिवशी. वकील व्हावं की नाही, हे विचारायला ती सोमवारी इथे आली. यशोधरांनी उत्तर दिलं नाही. स्टूल दिलं आणि तीन दिवस बस म्हणाल्या. बुधवार हा तिसरा दिवस.

यशोधरा ओव्हाळ त्रेचाळीस वर्षांच्या आहेत. मळवलीच्या पुढच्याच एका गावात, बौद्ध वस्तीत वाढल्या. वडील रेल्वेत गँगमन. थोरल्या मुलीने वकील व्हावं, असं त्यांनी ती चौथीत असतानाच ठरवलं. का, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. त्या वस्तीत ते सांगावं लागत नसे. पुण्यात पाच वर्षं शिकून, सनद घेऊन यशोधरा तालुक्याच्या कोर्टात एका सिनियरकडे लागल्या. काम तीन प्रकारचं होतं. फायली उचलणं, तारखा घेणं आणि ओळख देणं.

ओळख देणं म्हणजे ती शेवटची ओळ. कुणाला उत्पन्नाचं, कुणाला वारसाचं प्रतिज्ञापत्र करायचं असतं. समोर उभा माणूस तोच आहे, हे वकिलाने लिहून द्यायचं. एका दिवसात यशोधरांनी अशा सव्वीस सह्या केल्याचं त्यांना आठवतं. त्यांतली एक लोकरी टोपीतल्या एका म्हाताऱ्याची होती. लोहगडाच्या बाजूच्या जमिनीचा कागद. आठ महिन्यांनी दुसराच एक म्हातारा सिनियरच्या ऑफिसात आला. त्याचं नाव नथू; कागदावरही तेच नाव होतं. त्याने रेशनकार्ड टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "बाई, तुमी मला वळखता का?"

यशोधरा म्हणाल्या, नाही.

"मंग सही कशी केली?"

तोवर नथूच्या जमिनीला तारेचं कुंपण आणि लोखंडी फाटक लागलेलं होतं. दावा झाला. तो अजून चालू आहे; नथू सातव्या वर्षी वारले. सिनियरने यशोधरांची समजूत घातली. शिक्का तुझा, पण सवय सगळ्यांची आहे, काही होणार नाही. खरोखरच काही झालं नाही. ना चौकशी, ना नोटीस. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर ओळखीचे नऊ कागद पुन्हा ठेवलेले होते.

"किळस आली ती त्या नऊ कागदांची," यशोधरा सांगतात. "आदल्या दिवसाची नाही."

तेव्हापासून त्यांचा नियम आहे. कागद मोठ्याने वाचून दाखवायचा. मग साध्या बोलीत समजावायचा. मग सही करणाऱ्याने आपण कशावर सही करतोय, ते स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. सांगता आलं तर पुढे, नाही तर कागद परत. याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. शेडमध्ये पाचव्या टेबलाला 'परीक्षा केंद्र' म्हणतात. गोरख वकील रोज संध्याकाळी बॅग आवरताना विचारतात, "काय मॅडम, आज किती नापास?"

गोरख वकिलांचं टेबल मोठं आहे. त्यांच्या मागच्या खांबावर खांद्याच्या उंचीला निळे-जांभळे डाग आहेत. अंगठा उठवून झाला की बोटाची शाई पुसायला लोकांना काही दिलं जात नाही. पुरुष खांबाला पुसतात, बायका केसांना. खांब वर्षातून एकदा रंगवतात. दोन महिन्यांत तो पुन्हा तसाच होतो.

मुलांना सल्ला देण्याचं काम यशोधरांकडे आपोआप आलं. नऊ वर्षांपूर्वी एका ज्युनियर कॉलेजात करिअर मार्गदर्शनाचा कार्यक्रम होता. त्यांच्याआधी बोललेले वकील पांढऱ्या मोठ्या गाडीतून आले होते. प्रतिष्ठा, समाजसेवा, स्वतःचा मालक स्वतः, असं ते बोलले. टाळ्या पडल्या. यशोधरांनी सांगितलं की सनद मिळाल्यावर पहिली चार-पाच वर्षं डबा आणि गाडीभाडं घरून घ्यावं लागेल; ज्याच्या घरी ते नाही, त्याने आधीच दुसरी सोय बघावी. इंग्रजीला घाबरू नका, ती येते. सातबारा वाचायला शिका, तो पदवी घेतलेल्यांनाही येत नाही. सिनियर निवडताना त्याचं ऑफिस बघू नका. त्याचे पक्षकार जिना उतरताना एकमेकांत काय बोलतात, ते ऐका. आणि रोज कुणीतरी तुमच्याकडे थोडंसं खोटं मागेल, पैशासकट. ते कसं नाकारायचं, हे कुठल्याही वर्षाच्या अभ्यासात नाही. टाळ्या पडल्या नाहीत. कॉलेजने पुन्हा बोलावलं नाही. पण तिथल्या मराठीच्या शिक्षिका, सारिका मॅडम, दर वर्षी निकालानंतर एखाद-दुसऱ्याला गुपचूप पाठवतात. आजवर अकरा आले. सहा जण दुसऱ्या दिवशी फिरकले नाहीत. दोघे वकील झाले. त्यांतला एक सध्या गोरख वकिलांकडे ज्युनियर आहे आणि चांगलं कमावतो.

कोमलने पहिल्या दोन दिवसांत वही निम्मी भरली होती. ती प्रश्न कमी विचारायची. अक्षर स्वच्छ, वाचन खणखणीत. सरकारी मराठीतलं लांबलचक वाक्य ती न अडखळता एका दमात वाचायची. यशोधरांनी सोमवारी तिला एक जुना दावा वाचायला दिला, तेव्हा शेजारचे टायपिस्ट हात थांबवून ऐकत राहिले होते.

मंगळवारी तिने एक प्रश्न मात्र विचारला. "मॅडम, काल-आज एवढ्या बायका कशा आल्यात? नव्या साड्यांतल्या?"

"पंचमी झाली ना रविवारी."

"मग?"

"माहेरी आल्यात. आल्यासरशी सही."

मावळात नागपंचमीला भाऊ बहिणीला माहेरी आणतो. बंगल्यांसाठी गुंठ्यांचे भाव चढायला लागले, तसा या रिवाजाला एक शेपूट फुटलं. वडिलांच्या पश्चात बहिणीचं नाव सातबाऱ्याला लागलेलं असतं, आणि ते काढल्याशिवाय जमीन विकता येत नाही. त्यासाठी बहिणीने हक्कसोडपत्र लिहून द्यावं लागतं. मग पंचमीला आणायचं, साडी घ्यायची, दोन-तीन दिवस खाऊपिऊ घालायचं आणि परत सोडताना वाटेत तालुक्याला उतरवायचं. पंचमीनंतरच्या चार दिवसांना आणि भाऊबीजेनंतरच्या आठवड्याला गोरख वकील 'सीझन' म्हणतात. या दिवसांत त्यांचे हक्कसोडपत्राचे नमुने आधीच छापून ठेवलेले असतात. नावांची आणि गट नंबरांची जागा तेवढी मोकळी. 'राजीखुशीने' आणि 'कोणाचेही दडपण नसताना' हे शब्द छापीलच असतात.

बुधवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी कोमलचे वडील सोपान केदारी शेडमध्ये आले. भाताची शेती आहे आणि मुंबईच्या मालकांचे तीन बंगले ते सांभाळतात. सोबत त्यांची थोरली बहीण विठाबाई. वय अठ्ठावन्न, लोहगडवाडीला गडाच्या वाटेवर त्यांची टपरी आहे, ट्रेकला येणाऱ्यांना पिठलं-भाकरी आणि ताक देतात. अंगावर घडी मोडलेली नवी साडी, हातात कापडी पिशवी.

कोमल स्टुलावरून उठली. आत्या येणार हे तिला ठाऊक नसावं, असं यशोधरांना तेव्हा वाटलं.

"मॅडम, मी कोमलचा वडील," सोपान म्हणाले. "घरचंच काम हाय. कागद गोरख वकिलांनी केलाय, पन ते आत कोर्टात आडकल्यात. साडेबाराला रजिस्टरकडं आमचा नंबर हाय. म्हनलं, पोरगी हितं हाय तर तुमच्याच हातनं ओळखीची सही व्हावी."

"काय काम आहे?"

"वारसाचं. नावं लावायची."

यशोधरांनी कागद घेतला. वर ठळक अक्षरांत 'हक्कसोडपत्र' लिहिलेलं होतं. दोन गट नंबर होते : खालचं भाताचं खाचर आणि रस्त्याकडेचा एक तुकडा. त्यांनी कागद परत टेबलावर ठेवला.

"मावशी, लिहायला-वाचायला येतं का?"

"सही येती. वाचाया न्हाई येत, वकीलबाई."

"वाचून दाखवल्याशिवाय मी सही करत नाही. मावशींनाही करू देत नाही."

"मंग कोमल वाचंल की," सोपान म्हणाले. ते जणू याचीच वाट बघत होते. "वकील व्हायचंय तिला. घरच्या कागदापासनं सुरवात. वाच गं."

यशोधरांनी हरकत घेतली नाही. कोमलने कागद उचलला आणि उभ्याउभ्या वाचायला लागली.

"…सदर मिळकतीत वारसाहक्काने प्राप्त झालेला अविभक्त हक्क, हिस्सा व हितसंबंध लिहून देणार यांनी राजीखुशीने, समजून-उमजून, कोणाचेही दडपण नसताना, विनामोबदला लिहून घेणार यांचे लाभात कायमचा सोडून दिला असून त्यावर लिहून देणार अथवा त्यांचे वालीवारस यांचा कोणताही हक्क राहिलेला नाही व राहणार नाही…"

अडीच पानं. चार मिनिटं. एक अक्षर गळलं नाही, एक वाढलं नाही. आवाज स्पष्ट, गती सारखी, कुठेही श्वासापुरतीसुद्धा जागा नाही. यशोधरा सांगतात की वीस वर्षांत इतकं निर्दोष वाचन त्यांनी ऐकलेलं नाही.

विठाबाईंनी भाचीच्या पाठीवर हात फिरवला. "लय ग्वाड वाचती पोर."

"मावशी, काय ऐकलंत?"

"आता ते कसं सांगू? राजीखुशीनं म्हनली. आन आमच्या बाचं नाव आलं दोनदा. वारसाची नावं लावायची, दुसरं काय."

सोपान म्हणाले, "वाचलं की मॅडम. एक शबुद सोडला न्हाई तिनं."

"खरंय," यशोधरा म्हणाल्या. मग कोमलकडे वळल्या. "परत वाच. घरी आत्याशी बोलतेस तसं."

कोमलने कागद हातातच ठेवला. वाचला नाही.

सोपानने आवाज चढवला नाही. आठवण करून द्यावी तसं तो मुलीला म्हणाला, "उद्या पाचाच्या आत पुन्याला कोन घिऊन जानार हाय तुला? दाखला, मार्कलिस्टा कुनाच्या कपाटात हायती?"

शेडमध्ये टाइपचा आवाज चालू होता. कोमल उभी होती, विठाबाई भाचीकडे बघत होत्या. हे दीड-दोन मिनिटं चाललं. या वेळात यशोधरांना तोंड उघडता आलं असतं. त्यांचंच टेबल, त्यांचाच नियम, आणि समजावून सांगणं हे त्यांचंच काम. त्या बोलल्या नाहीत. नंतर याचं कारण विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मला बघायचं होतं पोरगी काय करते." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "म्हणजे त्या बाईची जमीन मी पोरीच्या परीक्षेला लावली. म्हणजे मीही त्याच शेडमधली."

कोमल शेवटी बोलली. कागदाकडे न बघता. "आत्या, ह्ये नावं लावायचं न्हाई. नाव काढायचं हाय. सही केली की खालच्या खाचरात आन रस्त्याकडच्या तुकड्यात तुझं काय बी ऱ्हानार न्हाई. तुझ्या पोराचं बी न्हाई."

विठाबाईंनी विचारलं, "मगाशी वाचलं त्यात ह्ये हुतं?"

"व्हय."

"मंग मगाशी का न्हाई सांगितलं?"

कोमलने कागद टेबलावर ठेवला.

विठाबाई भावाकडे वळल्या. "सोपाना, रस्त्याकडचा तुकडा बी?"

"अक्का, ते घरी बोलू. हितं लोकांत कशाला?"

"घरी तीन दिस हुते की मी. दिंडं खाल्ली पुरनाची तुज्या बायकुच्या हातची. तवा तोंडात काय हुतं तुज्या?"

"अगं, बंगलेवाल्याला पायजे ती जागा. दोनी मिळून पायजे त्याला."

"खाचर मी देनारच हुते. लावनीला कोन येतंय आता माज्याच्यानं. मागायचं हुतंस." त्यांनी साडीचा पदर सारखा केला. "तुकडा न्हाई द्यायची. तितं माज्या वंकारला दुकान टाकायचंय. कंपनीत काय जलमभर ठिवतेत व्हय त्याला?"

ओंकार हा त्यांचा मुलगा. नवलाख उंबरे गावाच्या बाजूला एका कारखान्यात कंत्राटी कामाला आहे.

"कागद द्या हिकडं," विठाबाई म्हणाल्या.

"कागद वकिलांचा हाय, अक्का."

"सही करणाऱ्याला प्रत मिळते," यशोधरा म्हणाल्या, आणि कागदाला जोडलेली झेरॉक्स काढून त्यांच्या हातात दिली. विठाबाईंनी ती चार घड्या घालून पिशवीत टाकली. पाण्याची बाटली उचलली. जाताना थांबल्या आणि यशोधरांना म्हणाल्या, "वकीलबाई, तुमी बी ऐकत हुता की. तुमाला तर पैल्या झटक्यात कळलं असंल. तुमी का गप हुता?"

विठाबाईंनी उत्तराची वाट बघितली नाही. रस्ता ओलांडून त्या स्टेशनकडे चालायला लागल्या. आभार वगैरे कुणी कुणाचे मानले नाहीत.

बारा वाजायला दहा मिनिटं कमी असताना गोरख वकील कोर्टातून बाहेर आले. सोपानचा चेहरा बघून त्यांना सगळं कळलं.

"काय मॅडम, आज कोण नापास? बाई का पोरगी?"

"नंबर रद्द करा तुमचा," यशोधरा म्हणाल्या.

"करतो की. त्यात काय. सीझनमध्ये एखादं फळ उशिरा पिकतं." ते सोपानच्या खांद्यावर हात टाकून त्याला चहाला घेऊन गेले. जाता जाता म्हणाले, "तुम्ही पाचव्या टेबलावर गेलातच का, भाऊ? मी आलोच असतो दोन मिनिटांत. तिथं कागद वाचतात."

यशोधरा पुढच्या कामाला लागल्या. कोमल स्टुलावर बसली. अर्ध्या तासात दोन माणसं येऊन गेली. कोमलने एकाचीही नोंद केली नाही.

चहा पिऊन परतलेला सोपान वेगळाच होता. राग गेला होता. चेहऱ्यावर काहीतरी मोठं कळल्यासारखं समाधान.

"कोमल, उद्या सकाळच्या लोकलनं निघू," तो म्हणाला. "मी कागद काढून ठिवतो. कपाटाची किल्ली तुज्या आईकडं हाय."

कोमलने मान वर केली.

"गोरख वकिलांना समदं सांगितलं मी. पैल्यांदा कसं वाचलं ते बी. ते म्हनले, पोरगी कोर्टाचीच हाय, बाहेर ठिवू नका. दुसऱ्यांदा बोलली ते वयामुळं. ते जातं, म्हनले, तीन-चार वर्सांत. सुट्टीत त्यांच्याकडं बसवायची. मंग आपली समदी कामं घरातच." त्याने यशोधरांना हात जोडले, आणि ते खरोखर मनापासून होतं. "मॅडम, तीन दिस बसवलंत, उपकार झाले."

तो गेला. यशोधरांनी पाण्याची बाटली उघडली, चूळ भरली आणि शेडच्या बाहेर जाऊन गटारात टाकली. परत येऊन बसल्या.

"मॅडम," कोमल म्हणाली, "मी पहिल्यांदा मुद्दाम तसं वाचलं."

"माहितीय."

"बाबांनी सकाळीच सांगितलं होतं, आत्याला आणतो म्हणून. अडखळू नको म्हणाले. खोटं काही बोलायचं नाही, जे लिहिलंय तेच वाचायचं. मला वाटलं, मग त्यात काय चूक."

"वाचताना कधी कळलं?"

"लगेच. पहिल्या पानावरच." तिने पेनाला टोपण लावलं. "आणि वाचताना छान वाटत होतं. ते जास्त वाईट आहे ना?"

यशोधरांनी तिची वही मागून घेतली आणि पानं उलटली. तीन दिवसांत पाचव्या टेबलावर एकतीस माणसं आली होती. चार थांबली. बाकीची सत्तावीस सहाव्या, सातव्या, नाही तर अकराव्या टेबलावर गेली, आणि सगळ्यांची कामं झाली.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "तुला सल्ला पाहिजे होता. तुझ्या वडिलांना जसा वकील पाहिजे, तसा तू होशील. त्यात शंका नाही, आणि तसल्या वकिलाला मरेपर्यंत काम कमी पडत नाही. दुसऱ्यांदा बोललीस तसा वकील व्हायचं असेल, तर तुझ्याच अक्षरात आहे किती लोक येतात ते. आणि तोही कधीकधी गप्प बसतो. आज बघितलंस."

"मग तुम्ही इथे का बसता?"

"मला दुसरं काही येत नाही. माझं चौथीतच ठरलं. सोळाव्या वर्षी मला ठरवता आलं असतं, तर नर्सिंगला गेले असते. तिथेही कागद असतात, पण माणूस आधी समोर असतो." त्यांनी वही बंद केली. "हे कारण तुला पुरतं का बघ. मला सांगू नकोस."

"गोरख सर म्हणाले ते खरं आहे? ते जातं?"

"जातं. माझ्यासमोर चार जणांचं गेलं. एक तिथे बसलाय." त्यांनी सहाव्या टेबलाकडे नुसतं बघितलं. तिथे त्यांचाच जुना विद्यार्थी एका बाईचा अंगठा शाईच्या पॅडवर दाबत होता. बाईने नंतर तो केसांना पुसला.

कोमलने दप्तर भरलं. ती घरी गेली नाही. दुपारच्या गाडीने मळवलीला उतरली आणि तिथून चालत लोहगडवाडीला गेली. हे यशोधरांना संध्याकाळी पाच चाळीसला फोनवर कळलं.

"आत्या बोलत नाही माझ्याशी," कोमल म्हणाली. मागे भांड्यांचा आवाज येत होता. "आल्यापासून घासायला लावलंय. एकदाच बोलली."

"काय?"

"म्हणाली, त्या झेरॉक्सवरचं सगळं वाच. हळू. वाचलं. एक तास लागला. प्रत्येक शब्दाला थांबवून विचारत होती. 'अविभक्त'वरच दहा मिनिटं."

"मग?"

"म्हणाली, सहीसाठी मला आणायला आता परत येऊ नका म्हणावं, मी माझ्या पायानं येईन. खाचरापुरता वेगळा कागद करा म्हणाली."

यशोधरांनी विचारलं, "आणि उद्याचं?"

"जाते मी. बाबांना पाहिजे म्हणून नाही."

"ते पाच वर्षांनी कळेल."

"हो," कोमल म्हणाली. तिने ते वाईट वाटून घेतलं नाही. "आत्याला तेच सांगितलं. ती म्हणाली, तवर मी तुज्याकडनं कागद वाचून घेनार न्हाई."

फोन ठेवल्यावर यशोधरांनी दुसऱ्या दिवसाच्या फायली बॅगेत भरल्या. विठाबाई खाचराचा कागद करतील, असं त्यांना वाटतं. सोपान रस्त्याकडच्या तुकड्यासाठी भाऊबीजेपर्यंत थांबेल, असंही वाटतं. गोरख वकिलांनी त्या आठवड्याचे नमुने छापायला दिलेले आहेत. याबद्दल त्या जास्त बोलत नाहीत.

कोर्टाच्या गुरुवारच्या बोर्डावर यशोधरांची तीन प्रकरणं आहेत, पहिलं अकरा वाजता. कॉलेजची प्रवेशाची खिडकी साडेदहाला उघडते आणि पाचला बंद होते. बाहेर लावलेल्या यादीत कोमल सोपान केदारी हे नाव सतरावं आहे.